अहवालाची पानं दिसंनात

बी-३०२: सेक्रेटरी साहेब, नमस्कार. सोसायटीच्या वार्षिक अहवालाचे २२ फोटो ग्रुपवर मिळाले, आभारी आहे. पान ९ वर माझ्या नावापुढं थकबाकी ३,४६० आहे का ८,४६०? झूम केलं की रंकाळ्यातलं केंदाळ दिसतंय.

ए-१०४: ३ च असणार. ८ असती तर खजिनदारांनी गेटवरच धरलं असतं 😄

बी-३०२: चेष्टा नको. सगळ्या ग्रुपसमोर नाव आलंय.

सर, सी-२०१: कागदावर प्रत द्या. मी गेल्या वर्षीही सांगितलं होतं.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, जरा मागचं आठवा. आधी वर्डची फाइल टाकली, तर म्हणे अक्षरांची किडामुंगी झाली. मग पीडीएफ टाकली, तर निम्म्यांचं "उघडंना". म्हणून रात्री बसून पानापानाचे फोटो करून टाकले. आता हे. ह्या कामाचा पगार मिळत नाही मला.

सी-१०३ वहिनी: भाऊजी, राग नको. पण पान १ नंतर एकदम पान १० कसं काय? मला वाटलं मधला जमाखर्च गाळलाय.

ए-१०४: गाळतील कशाला. गळती टाकीला आहे, दुरुस्तीनंतरसुद्धा.

खजिनदार: टाकीवर बोलायचं असेल तर सभेत बोला. तीन कोटेशनं घेतली होती, फाइल ऑफिसात आहे. बघायला एक माणूस आला नाही.

ए-१०४: ऑफिस उघडं असतंय कधी?

सर, सी-२०१: कागदावर प्रत द्या.

डी-४०१ (डीटीपीवाल्या ताई): काका, मी सांगू का? तुमच्या पीडीएफमध्ये काही वाईट नव्हतं. त्यात अक्षरं रेषांची असतात, कितीही मोठी करा, फुटत नाहीत. फोटो केला की त्याचे ठिपके होतात. एका इंचात किती ठिपके ते आपण डीपीआयमध्ये सांगायचं. तुम्ही किती ठेवला होता?

सेक्रेटरी: जो होता तो. मी कशाला हात लावू?

डी-४०१: तिथंच अडलंय. बहुतेक ७२ असणार. ७२ ला ए-४ पान ५९५ बाय ८४२ ठिपक्यांचं निघतं. थकबाकीच्या तक्त्यात आठ रकाने, बारका टाइप. एका आकड्याच्या रुंदीला पाचेक ठिपके मिळतात. तक्त्यातल्या इंग्रजी 3 आणि 8 मधला फरक डावीकडच्या एकदोन ठिपक्यांवर आला. ३०० ठेवा, मग तेच पान २४८० बाय ३५०८ होतं. आणि जेपीजी नको, पीएनजी घ्या. जेपीजी घाटातल्या फोटोंना ठीक, अक्षरांच्या कडा मळवतं.

ए-१०४: नाद खुळा ताई 👏

खजिनदार: आकडा ३,४६० आहे. रजिस्टर बघून सांगतोय.

बी-३०२: धन्यवाद. पण सभेची नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. जी वाचताच येत नाही ती दिली म्हणायची का?

सेक्रेटरी: तुम्ही उपनिबंधकांकडंच जावा सरळ.

बी-३०२: तशी वेळ आणू नका म्हणतोय.

सी-१०३ वहिनी: अहो, दोघं थांबा. पानांच्या क्रमाचं काय?

डी-४०१: फायलींची नावं पान-१, पान-२ अशी पडली असतील. नावावर लावलं की १ नंतर १०, ११ येतं, २ मागं राहतो. पान-०१, पान-०२ करा. आणि काका, हे कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरनं केलं का वेबसाइटवर चढवून?

सेक्रेटरी: वेबसाइट. शोधल्यावर पहिली आली ती. फुकट होती.

सी-१०३ वहिनी: म्हणजे आमचे मोबाइल नंबर, थकबाकी, सगळं कुठल्या तरी परक्या सर्व्हरवर?

ए-१०४: वहिनी, तुमची थकबाकी बघून हॅकरच वर्गणी काढतील 🙏

सी-१०३ वहिनी: तुमचं दुचाकीचं पार्किंग काढू का इथं? दोन वर्षं माझ्या जाग्यात उभी आहे.

सर, सी-२०१: कागदावर प्रत द्या.

डी-४०१: इथून पुढं वेबसाइट नको काका. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये पीडीएफ उघडा, एकेक पान पीएनजीत एक्स्पोर्ट होतं, पैसे लागत नाहीत. सगळी पानं एकदम हवी असतील तर पॉपलर ह्या फुकट सॉफ्टवेअरमधलं पीडीएफटूपीपीएम (pdftoppm), एका कमांडीत काम, नावातली शून्यंसुद्धा तेच घालतं. किडामुंगीचं म्हणाल तर तुमचा जुना श्रीलिपी फॉन्ट कुणाच्या मोबाइलमध्ये नाही, म्हणून वर्ड बिघडलं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसवता येतो.

सेक्रेटरी: कमांड वगैरे मला जमणार नाही. तू करून दे बाळा, पेन ड्राइव्ह वॉचमनकडं ठेवतो.

*(दुपारी)*

सेक्रेटरी: नवीन २२ पानं डॉक्युमेंट म्हणून टाकली आहेत. कृपया परत फोटो म्हणून पुढं पाठवू नये, ॲप त्याला पुन्हा दाबतंय. सरांसाठी एक प्रत लिफ्टशेजारी लावली होती, टाचण्या कुणीतरी काढून नेल्यात.

ए-१०४: दिसलं की, झकास. पान १२ वर माझी गणपतीची वर्गणी ५०१ ची ५०० कशी झाली? का हा पण डीपीआय?

खजिनदार: वरचा १ रुपया तुम्ही अजून दिलेला नाही.