मदत हवी आहे: इन्फ्लुएन्झा आणि डेंगी, दोन्हींचे प्लाक नीट येत नाहीत

थर_आणि_ठिपके

नमस्कार. दोन वेगळ्या गटांतल्या विषाणूंचे टायटर (मिलीमागे संसर्गक्षम विषाणू किती) प्लाक पद्धतीने, म्हणजे पेशींच्या थरात विषाणूने पाडलेले मृत ठिपके (प्लाक) मोजून, काढायचे आहे. एका बाजूला इन्फ्लुएन्झा ए (२००९च्या साथीच्या वंशाचा एच१एन१ आणि अलीकडचा एच३एन२), दुसऱ्या बाजूला डेंगी-२ आणि झिका. निकाल एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून शक्य तितका एकच प्रोटोकॉल ठेवला आहे.

सहा वेलची प्लेट. फ्लूसाठी एमडीसीके (कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी), डेंगी-झिकासाठी व्हेरो (माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी). दोन्ही पेशी १० टक्के एफबीएस (वासराचे सीरम) असलेल्या डीएमईएम माध्यमात वाढवलेल्या, संसर्गाच्या दिवशी थर १०० टक्के भरलेला. जुने माध्यम काढून लगेच ४०० मायक्रोलिटर विरळ केलेला विषाणू, ३७ अंशांवर एक तास. मग ओव्हरले (विषाणू दूर पसरू नये म्हणून वर ओतायचा घट्ट थर): दुप्पट तीव्रतेचे एमईएम माध्यम आणि १.८ टक्के साधा अगार समप्रमाणात, त्यात २ टक्के एफबीएस. फ्लूच्या प्लेटमध्ये शिवाय टीपीसीके ट्रिप्सिन (प्रथिने कापणारे विकर), १ मायक्रोग्रॅम प्रति मिली. ७२ तासांनी फॉर्मलिन आणि क्रिस्टल व्हायोलेट.

एच१एन१चे प्लाक टाचणीच्या टोकाएवढे आणि धूसर. एच३एन२चे दिसतच नाहीत. डेंगीत ७२ तासांना काही नाही. प्लेट सहाव्या दिवसापर्यंत ठेवली तर विषाणू न घातलेल्या वेलमधलाही थर कडेने सुटतो. झिकाचे थोडे येतात, पण आकार फार असमान.

दोष विषाणूच्या साठ्यात आहे की पद्धतीत, हे कसे ओळखावे? आणि एकच ओव्हरले दोन्हींना चालू शकतो का?

---

एचए_शून्य

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. फ्लू आणि डेंगी यांच्या गरजा एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तुमच्या प्लेटमध्ये दोघांचंही नुकसान होतंय.

फ्लूचं हिमॅग्लुटिनिन (एचए, पेशीला चिकटणारं प्रथिन) पेशीत तयार होतं तेव्हा ते अखंड असतं, त्याला एचए० म्हणतात. एचए१ आणि एचए२ असे दोन तुकडे झाल्याशिवाय विषाणू पेशीला चिकटतो, आत ओढला जातो, पण एंडोसोमच्या (विषाणूला आत नेणाऱ्या पिशवीच्या) पडद्याशी एकरूप होऊ शकत नाही. माणसाच्या श्वासमार्गात हे काम तिथली प्रोटिएज (प्रथिनं कापणारी विकरं) करतात. एमडीसीकेमध्ये तशी प्रोटिएज पुरेशी नसतात, म्हणून आपण बाहेरून ट्रिप्सिन घालतो. आणि सीरममध्ये अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आणि अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन असतात. म्हणजे एका हाताने घातलेलं ट्रिप्सिन २ टक्के एफबीएस दुसऱ्या हाताने बंद करतंय. पहिल्या फेरीत लागण झालेली पेशी मरते, पण तिच्यातून निघालेला विषाणू शेजारच्या पेशीत शिरू शकत नाही. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके त्यामुळेच.

एखाद्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये ट्रिप्सिनशिवाय छान प्लाक दिसले तर तिथे स्ट्रेन कोणता आहे ते बघा. डब्ल्यूएसएन/३३ हा अपवाद आहे. त्याचं न्यूरामिनिडेज (विषाणूच्या पृष्ठावरचं दुसरं प्रथिन) प्लाझ्मिनोजेनला (सीरममधल्या एका प्रोटिएजच्या पूर्वरूपाला) धरून ठेवतं आणि त्यातून एचए कापलं जातं. इतर बहुतेक स्ट्रेनना ती सोय नाही, तुमच्या दोन्ही स्ट्रेनना तर नाहीच.

बदल असे करा. आदल्या दिवशी प्रत्येक वेलमध्ये ८ ते १० लाख एमडीसीके. दुसऱ्या दिवशी थर ९० ते ९५ टक्के भरलेला हवा, त्याहून दाट नको. संसर्गाआधी पीबीएसने (क्षारद्रावणाने) दोनदा, दर वेळी २ मिली घेऊन, नीट धुवा. हीच पायरी तुमच्या पद्धतीत नाही. विषाणू विरळ करायला ०.३ टक्के बीएसए (गाईचं अल्बुमिन) असलेलं, सीरम नसलेलं माध्यम. तासाभरात दर १५ मिनिटांनी प्लेट हलवा, नाहीतर वेलचा मधला भाग कोरडा पडतो आणि तिथे पेशी आपोआप मरतात. ओव्हरलेमध्ये सीरमच्या जागी ०.३ टक्के बीएसए. अगारऐवजी शुद्ध अगारोज, अंतिम ०.८ टक्के, ४२ अंशांच्या आसपास थंड करूनच ओतायचं. ट्रिप्सिन सगळ्यात शेवटी, अगारोज थंड झाल्यावर.

ट्रिप्सिनबद्दल अजून थोडं, कारण बिघाड बहुतेक वेळा इथेच असतो. १ मिग्रॅ प्रति मिली साठा १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात करा. उदासीन पीएचवर ट्रिप्सिन स्वतःलाच पचवतं, आम्लात ते शांत राहतं. लहान अ‍ॅलिकॉट (एका वेळच्या वापराचे भाग) करून उणे २० अंशांवर ठेवा आणि वितळवलेलं परत गोठवू नका. प्रत्येक नव्या लॉटची मात्रा विषाणू न घातलेल्या पेशींवर ठरवा: ०.२५, ०.५, १ आणि २ मायक्रोग्रॅम. ७२ तास थर न सुटता जी सर्वांत जास्त मात्रा सहन होते, ती तुमची. टीपीसीके असलेलंच ट्रिप्सिन घ्या, ते भेसळीतल्या कायमोट्रिप्सिनला निष्क्रिय करतं.

---

एडिस_ते_व्हेरो

डेंगी-झिकाबद्दल लिहिते.

फ्लेविव्हायरसच्या कणावर पीआरएम नावाचे प्रथिन असते. ते पेशीच्या आतच, ट्रान्स-गॉल्जीमध्ये, फ्युरिनकडून कापले जाते. बाहेरच्या प्रोटिएजची गरज नाही, म्हणून इथे ट्रिप्सिनचा थेंबही नको. उलट २ टक्के एफबीएस हवे, कारण प्लेट सहा-सात दिवस टिकवायची असते.

अगार बदलणे इथे फ्लूपेक्षाही जास्त गरजेचे आहे. साध्या अगारमध्ये सल्फेटयुक्त बहुशर्करा असतात. त्यांची रचना पेशीवरच्या हेपॅरान सल्फेटच्या जवळची असल्याने डेंगीचे कण त्यांनाच चिकटून बसतात आणि प्लाक लहान राहतात किंवा दिसतच नाहीत. कार्बोक्सिमिथिल सेल्युलोज वापरा. मध्यम चिकटपणाचे घेऊन ३ टक्के द्रावण पाण्यात, चुंबकीय कांडी आतच ठेवून ऑटोक्लेव्ह करा आणि रात्रभर ढवळत ठेवा. गुठळ्या राहिल्या तर ओव्हरले जागोजागी पातळ होतो. दुप्पट तीव्रतेच्या माध्यमात समप्रमाणात मिसळले की १.५ टक्के.

विषाणू न घातलेल्या वेलमधला थर सुटतो, हे तुमच्या पोस्टमधले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण आहे. तो दोष विषाणूचा असूच शकत नाही. पहिल्याच दिवशी १०० टक्के भरलेल्या पेशी पुढे सहा दिवस वाढत राहतात, माध्यम पिवळे होते, थर ताणला जाऊन कडेने उचलला जातो. २४ वेलच्या प्लेटमध्ये आदल्या दिवशी १ ते १.५ लाख व्हेरो टाका, ओव्हरले वेलमागे १ मिली. माध्यमात २५ मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारे द्रव्य) ठेवा. पिवळे माध्यम डेंगीला दोनदा मारक आहे: पेशी खंगतात आणि आम्लात विषाणूचे ई प्रथिन पेशीत शिरण्याआधीच आकार बदलून निकामी होते. सी६/३६ (डासाच्या) पेशींत साठा वाढवतानाही हेच लक्षात ठेवा. २८ अंशांवर माध्यम पिवळे पडू लागले की तेव्हाच काढणी करा, आणखी वाट पाहू नका.

वेळ: झिकाला ४ दिवस, डेंगी-२ला ६ ते ७. चिकुनगुन्या पुढे कधी घेतलात तर त्याला दोन दिवस पुरतात. पण त्याची जैवसुरक्षा पातळी अनेक ठिकाणी तीन धरली जाते, आधी तुमच्या संस्थेच्या समितीला विचारा. झिकाच्या असमान आकाराला अगार कारणीभूत आहेच; तरीही फरक राहिला तर साठ्यात मिश्र विषाणू आहे असे समजून एकेक प्लाक वेगळा वाढवून पाहा.

रुग्णाकडून आलेले डेंगीचे कित्येक स्ट्रेन व्हेरोमध्ये पेशी मारतच नाहीत, फक्त वाढतात. तिथे क्रिस्टल व्हायोलेट निरुपयोगी. तिसऱ्या दिवशी ओव्हरले धुऊन ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने ३० मिनिटे फिक्स करा, ०.१ टक्के ट्रायटनने पेशी सच्छिद्र करा, मग ४जी२ प्रतिपिंड, त्यावर एचआरपी (रंग उमटवणारे विकर) जोडलेले दुसरे प्रतिपिंड आणि ट्रूब्लू (निळा रंग देणारे द्रव्य). निळे ठिपके मोजायचे. ४जी२ सर्व फ्लेविव्हायरसना चिकटते, म्हणून ठिपका डेंगीचा की झिकाचा हे त्यावरून कळत नाही. दोन्हींच्या प्लेट वेगळ्या दिवशी करा.

---

विरळ_द्रावण

वरच्या दोघांशी सहमत. एच३एन२साठी मात्र नुसता ओव्हरले बदलून भागणार नाही. अलीकडचे एच३एन२ साध्या एमडीसीकेमध्ये नीट वाढत नाहीत, कारण त्यांना अल्फा-२,६ जोडणीचं सायलिक आम्ल लागतं आणि तिथे ते कमी असतं. एमडीसीके-सिॲट१ मिळवा, त्यात ते मुद्दाम वाढवलेलं आहे. तापमान ३५ अंश. एचए चाचणीत (विषाणू रक्तपेशींना एकमेकींशी चिकटवतो का ते बघण्याच्या) कोंबडी किंवा टर्कीच्या रक्तपेशींऐवजी गिनीपिगच्या वापरा. काही एच३एन२ न्यूरामिनिडेजनेही रक्तपेशींना धरतात, त्यामुळे अँटिसेरम लावून एचआय (ते चिकटणं प्रतिपिंड रोखतात का ही चाचणी) करताना २० नॅनोमोलर ओसेल्टामिव्हिर घालतात.

अगारोजला पर्याय म्हणून फ्लूसाठी १.२ टक्के एव्हिसेल (सेल्युलोजची बारीक भुकटी) उत्तम. ते गोठत नाही, ओतताना तापमानाची चिंता नाही, शेवटी सहज धुऊन जातं. अट एवढीच की ४८ तास प्लेटला हात लावायचा नाही. हलली की प्लाकला शेपट्या फुटतात आणि मोजणी फुगते. सहा दिवसांच्या डेंगीसाठी मी ते सुचवणार नाही.

मोजताना वेलमध्ये ३० ते १०० प्लाक असलेलंच विरलन धरा. लाखपट विरळ केलेल्या ०.४ मिलीतून ४२ प्लाक आले तर ४२ भागिले ०.४ म्हणजे १०५, गुणिले १ लाख: १ कोटी ५ लाख पीएफयू (प्लाक पाडणारी एककं) प्रति मिली. शेजारच्या विरलनात साधारण दहावा हिस्सा यायला हवा. तसं येत नसेल तर पिपेटिंग तपासा, दर विरलनाला टिप बदलणं सक्तीचं.

---

थर_आणि_ठिपके

तिघांचेही मनापासून आभार. सुचवलेले बदल केले. एच१एन१चे प्लाक आता २ ते ३ मिलिमीटरचे आणि कडा स्वच्छ. सिॲट१मध्ये एच३एन२चे लहान, पण मोजता येण्याजोगे. डेंगी-२ सातव्या दिवशी व्यवस्थित, थरही शाबूत.

एक कोडे उरले आहे. एच१एन१च्या साठ्याचा एचए टायटर ५१२ आहे (५० मायक्रोलिटरमध्ये, टर्कीच्या ०.५ टक्के रक्तपेशी), पण प्लाकवरून जेमतेम २ लाख पीएफयू प्रति मिली मिळतात. इतकी तफावत कशी?

---

एचए_शून्य

आता प्रश्न साठ्याचाच आहे. एचए चाचणी कण मोजते, जिवंत-मेलेला असा फरक करत नाही. ५० मायक्रोलिटर ०.५ टक्के द्रावणात ढोबळमानाने २० लाख रक्तपेशी असतात आणि एक एचए एकक म्हणजे साधारण तेवढेच कण. त्या हिशेबाने तुमच्या साठ्यात मिलीमागे २,००० कोटींच्या आसपास कण आहेत. म्हणजे जवळपास लाख कणांमागे एक प्लाक. चांगल्या साठ्यात हे प्रमाण १० ते १०० कणांमागे एक असं असतं.

दोन कारणं संभवतात आणि ती वेगळी करता येतात. साठा वाढवतानाही सीरम राहिलं असेल तर बहुतेक कणांचं एचए कापलंच गेलेलं नसेल. साठ्याचा थोडा भाग सीरम नसलेल्या माध्यमात १० पट विरळ करा, टीपीसीके ट्रिप्सिन ५ मायक्रोग्रॅम प्रति मिली, ३७ अंशांवर ३० मिनिटं, मग लगेच प्लाक. शेजारी ट्रिप्सिनशिवायचा नमुना. टायटर १० पट किंवा जास्त उसळला तर कारण हेच.

उसळला नाही तर सदोष कण, ज्यांना डीआय कण म्हणतात. त्यांच्या जनुकीय तुकड्यांचा मधला भाग गळालेला असतो, बहुधा पीबी२, पीबी१ आणि पीए या तीन लांब तुकड्यांत. छोटा तुकडा लवकर नकलतो आणि पूर्ण विषाणूला मागे टाकतो. गाढ साठ्याने पेशी पुन्हा पुन्हा संसर्गित केल्या की हे घडतं. व्हॉन मॅग्नस यांनी हा परिणाम अंड्यांमध्ये दाखवला होता. आठही तुकड्यांचा आरटी-पीसीआर (आरएनएवरून डीएनएच्या प्रती काढणं) करून जेलवर बघा. २,३०० बेसच्या आसपासचे पट्टे फिके आणि ३०० ते ५०० मध्ये ठळक पट्टे दिसले तर खात्री झाली.

मग हा साठा पुढे वाढवू नका. स्वच्छ कडेचा एकटा प्लाक पिपेटच्या टोकाने उचला, ०.५ मिली माध्यमात सोडा, पुन्हा प्लाक करून पुन्हा एकटा उचला. त्यातून लहान बीजसाठा करून त्याचं टायटर काढा आणि कामाचा साठा त्यापासून एमओआय ०.००१ ने वाढवा, म्हणजे हजार पेशींमागे एक पीएफयू. ४८ तासांनी, पेशी पूर्ण विरघळण्याआधी काढणी. ३,००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवून कचरा खाली बसवा, २०० मायक्रोलिटरचे अ‍ॅलिकॉट करून उणे ८० अंशांवर. टायटर गोठवलेल्या अ‍ॅलिकॉटवरूनच काढा, ताज्या द्रवावरून नाही, कारण पुढे प्रयोगात गोठवलेलाच वापरायचा आहे.

---

एडिस_ते_व्हेरो

गोठवण्याचा विषय निघालाच आहे तर डेंगीसाठी एक भर: अ‍ॅलिकॉट करण्याआधी एफबीएस २० टक्क्यांपर्यंत वाढवा आणि वितळवलेली कुपी परत ठेवू नका, डेंगीचा टायटर दर गोठण-वितळणीत पडतो. कुप्यांवर कोणत्या पेशीत वाढवला तेही लिहा. सी६/३६मधल्या साठ्यात अर्धवट कापलेल्या पीआरएमचे कण जास्त असतात, व्हेरोमधल्या साठ्याशी त्याची सरळ तुलना करता येत नाही.