जॉन वुडन: आधी नेल, मग बास्केटबॉल

मोठा प्रशिक्षक घराला वेळ देऊच शकत नाही, असं अनेकदा म्हणतात, पण ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या जॉन वुडन यांचंच बघा. यूसीएलएच्या (लॉस एंजेलिसमधलं कॅलिफोर्निया विद्यापीठ) बास्केटबॉल संघाला त्यांनी १२ वर्षांत १० राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, त्यातली ७ तर सलग. मोसमाच्या पहिल्या सरावाला ते काय शिकवत? मोजे आणि बूट नीट घालायला! मोज्याला सुरकुती राहिली की पायाला फोड येतात, एवढं साधं कारण.

पण मला जास्त भिडतो तो त्यांचा संसार. शाळेत असल्यापासून सामन्याआधी ते प्रेक्षकांत नेलला, म्हणजे पुढे त्यांची पत्नी झालेल्या मैत्रिणीला, शोधायचे, ती बोटांनी खूण करायची आणि मगच खेळ सुरू. प्रशिक्षक झाल्यावरही हा नेम मोडला नाही. १९३२ साली लग्न झालं, २१ मार्च १९८५ रोजी नेल गेली. त्यानंतर दर महिन्याच्या २१ तारखेला ते तिला पत्र लिहीत आणि तिच्या उशीवर ठेवत. कितीतरी वर्षं. हे वाचताना माझे डोळे दर वेळी भरून येतात.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. यूसीएलएच्या आधी ते इंडियाना स्टेट या कॉलेजचे प्रशिक्षक असताना, क्लॅरन्स वॉकर या त्यांच्या कृष्णवर्णीय खेळाडूला स्पर्धेत बंदी होती म्हणून त्यांनी १९४७ च्या राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रण नाकारलं. पुढच्या वर्षी नियम बदलला आणि वॉकर खेळला.

२०१० मध्ये, नव्याण्णवाव्या वर्षी ते गेले. यूसीएलएच्या मैदानाला दोघांचं नाव आहे, आणि त्यात पहिलं नाव नेलचं.