फास्ट कॅज्युअल फ्रँचायझी (डॅलस): ११ लाख डॉलरच्या विक्रीतून हातात किती उरतं?

प्लेनोकर

नमस्कार मंडळी. फ्रिस्को-प्लेनो भागात बाउल आणि रॅप विकणाऱ्या एका साखळीची फ्रँचायझी घ्यायचा विचार चालू आहे. साखळीचं नाव मुद्दाम देत नाही. आकडे असे:

एफडीडीच्या (फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीचं कायद्याने बंधनकारक माहितीपत्रक) आयटम ७ मध्ये एकूण गुंतवणूक ५.५ ते ९.५ लाख डॉलर दिली आहे, त्यात सुरुवातीची फी ३५ हजार. रॉयल्टी ६ टक्के, जाहिरात निधी २ टक्के, शिवाय स्थानिक जाहिरातीवर किमान १ टक्का. आयटम १९ (कमाईचे आकडे) प्रमाणे सरासरी वार्षिक विक्री ११ लाख. जागा स्ट्रिप मॉलच्या टोकाची, १,८०० चौ. फूट, भाडं चौ. फुटाला वर्षाला ३८ डॉलर अधिक एनएनएन (इमारतीचा प्रॉपर्टी टॅक्स, विमा आणि देखभाल यांतला आपला वाटा) १४.

आम्ही ८ लाख खर्च धरलाय: २ लाख आमचे, ६ लाख एसबीए ७(ए) कर्ज (सरकारी हमीचं लघुउद्योग कर्ज). आम्ही दोघं अमेरिकन नागरिक, नोकऱ्या सोडायच्या नाहीत, मॅनेजर ठेवणार. मेहुणा एच-१बीवर आहे. त्यालाही पैसे घालायचेत आणि शनिवार-रविवारी काउंटर सांभाळायची तयारी आहे. सेल्सवाला म्हणतो, वर्षाला दीड लाख सहज सुटतील. खरंच सुटतात का?

जमाखर्च

तुमचेच आकडे धरून वर्षाचा हिशेब मांडतो. विक्री ११,००,००० (सेल्स टॅक्स सोडून).

माल आणि पॅकिंग ३० टक्के: ३,३०,०००
पगार, मॅनेजर आणि पेरोल टॅक्स धरून ३० टक्के: ३,३०,०००
रॉयल्टी + जाहिरात निधी: ८८,०००
स्थानिक जाहिरात: ११,०००
भाडं + एनएनएन (१,८०० × ५२): ९३,६००
वीज, गॅस, पाणी: ३८,५००
डिलिव्हरी ॲपचं कमिशन (२० टक्के विक्री ॲपवरून, त्यावर २५ टक्के): ५५,०००
कार्डाचे चार्जेस, बाकीच्या विक्रीवर: २५,०००
विमा, दुरुस्ती, पीओएस (बिलिंगची यंत्रणा), अकाउंटंट, कचरा, पेस्ट कंट्रोल, हूड सफाई: ५५,०००

उरले ७३,९००. म्हणजे ६.७ टक्के. आता ६ लाखांचं कर्ज १० वर्षांसाठी १० टक्क्यांनी धरलं तर हप्ता महिना ७,९२९, वर्षाला सुमारे ९५,१५०. सरासरी विक्री होऊनही वर्षाअखेरी २१ हजार खिशातून घालावे लागतात. मॅनेजरच्या जागी तुमच्यापैकी एक जण पूर्णवेळ उभा राहिला तर साधारण ६३ हजार वाचतात आणि ४२ हजार हातात येतात. त्याला नफा म्हणू नका, तो तुमचा पगार आहे, तोही बाजारभावापेक्षा कमी.

विक्री वाढली की गणित पटकन बदलतं. भाडं, विमा, मॅनेजर हे खर्च तसेच राहतात, म्हणून वरच्या प्रत्येक डॉलरमधले साधारण ३५ सेंट खाली उतरतात. मॅनेजर ठेवून हप्ता फिटायला ११.६ लाखांच्या आसपास विक्री लागते. १३.५ लाख झाली तर हप्ता जाऊन ६६ हजार सुटतील. पण ९.५ लाखांवर अडकलात तर हप्त्याआधीच जेमतेम २१ हजार उरतात, आणि हप्ता तर ९५ हजारांचा. दीड लाखाचं स्वप्न याच रचनेत बघायचं तर विक्री १६ लाखांच्या आसपास हवी.

दोन गोष्टी लोक विसरतात. रॉयल्टी पूर्ण विक्रीवर कापली जाते, ॲपचं कमिशन वजा करून नाही. डोअरडॅशचे प्लॅन १५, २५ आणि ३० टक्क्यांचे आहेत. २५ वाल्यात १५ डॉलरच्या ऑर्डरमधले ३.७५ ॲप घेतं, १.२० रॉयल्टी आणि जाहिरात निधीत जातात, मालाला ४.५०. उरलेल्या साडेपाच डॉलरमध्ये पगार आणि भाडं बसवा. म्हणून ॲपवरचे दर १५-२० टक्के चढे ठेवतात. करारात तशी मुभा आहे का ते आधी वाचा.

दुसरी, चमचा. शिजलेलं चिकन पौंडाला ४.८० पडत असेल तर औंसाला ३० सेंट. ठरलेल्या ४ औंसांऐवजी हात ५ औंसांवर गेला, दिवसाला २०० बाउल, वर्षाचे ३६० दिवस: २१,६०० डॉलर. वर काढलेला तोटा बघा, तेवढाच आहे. तराजू बाउल भरायच्या लाइनवरच ठेवा आणि माल दर आठवड्याला मोजा. महिन्यातून एकदा मोजलात तर गळती कुठल्या शिफ्टची ते कळतच नाही.

ग्रीसट्रॅप

हिशेब पटला. पण ८ लाखांत दुकान उघडेल हे गृहीतक मला जास्त डळमळीत वाटतं.

१,८०० फुटांची जागा आधी रेस्टॉरंटची होती का? हा पहिला प्रश्न. कोरी जागा असेल तर टाइप १ हूड (तेलकट धूर ओढणारं), डक्ट, मेकअप एअर (ओढलेल्या हवेच्या जागी ताजी हवा) आणि अग्निशमन यंत्रणा मिळून ४० ते ७० हजार सहज जातात. जमिनीखालचा ग्रीस इंटरसेप्टर (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी) नसेल तर पार्किंग फोडून बसवावा लागतो, शहर आकार ठरवतं, आणि ती रक्कम बहुतेक आयटम ७ च्या वरच्या टोकाच्याही बाहेर जाते. एसीची क्षमता तपासा. किरकोळ दुकानासाठी बसवलेलं युनिट किचनच्या उष्णतेपुढे टेक्सासच्या ऑगस्टमध्ये हात टेकतं. जुनी रेस्टॉरंटची जागा मिळाली तर भाडं ३-४ डॉलर जास्त दिलं तरी परवडतं.

जागेचे मालक टीआय अलाउन्स (दुकान बांधून घ्यायच्या खर्चातला त्यांचा वाटा) देतो म्हणतील, चौ. फुटाला ४० डॉलर वगैरे. तो पैसा दुकान उघडल्यावर, सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी (जागा वापरायची शहराची परवानगी) आणि सगळ्या कंत्राटदारांची लीन वेव्हर्स (जागेवर आमचा दावा नाही अशी पत्रं) दिल्यावर येतो. तोवर ७२ हजार तुमचे अडकतात. उलट भाडं मात्र ताबा दिल्यापासून १२० दिवसांनी सुरू, परमिट आलं असो वा नसो. करारात "परमिट मिळाल्यापासून" असा शब्द घालून घ्या, निदान त्यासाठी भांडा तरी.

आयटम ७ मधलं "अतिरिक्त निधी, ३ महिने" हे कलम फार तोकडं असतं. पहिल्या महिन्याची गर्दी उत्सुकतेची असते, ती ओसरल्यावर खरी विक्री दिसते. सहा महिन्यांचा पगार, भाडं आणि हप्ता वेगळा ठेवा. या दुकानात हप्ता आणि भाडंच मिळून महिना पावणेसोळा हजार होतात.

सेल्स टॅक्सचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं उघडा. ८.२५ टक्क्यांनी महिन्याला ६ हजारांच्या आसपास जमतात आणि २० तारखेला कंप्ट्रोलरकडे (टेक्सासचं कर खातं) भरायचे असतात. ॲपवरच्या ऑर्डरींचा टॅक्स ॲप भरतं, तो दोनदा भरू नका. तंगीत हाच पैसा पहिला खर्च होतो आणि मग दंड लागतो.

प्लेनोकर

धन्यवाद दोघांनाही. डोळे उघडले! पगाराचे ३० टक्के खाली आणता येणार नाहीत का? दुपारी ३ ते ५ दुकान रिकामंच असतं.

शिफ्टलीड

फार नाही. सकाळच्या तयारीपासून रात्रीच्या सफाईपर्यंत १३ तास धरा. लाइन, कॅश आणि मागचं किचन यांना कमीत कमी तीन माणसं लागतात. ३ × १३ × ३६० म्हणजे १४,०४० तास. टेक्सासचं किमान वेतन ७.२५ असलं तरी त्या भावात फ्रिस्कोत कोणी अर्जही करत नाही. १५ डॉलर आणि वर पेरोल टॅक्स धरून १६.५० ने २,३१,६६०. त्यात मॅनेजर मिळवला की २.९५ लाख, आणि अजून जेवणाच्या गर्दीची जादा माणसं आलीच नाहीत. विक्री ९ लाखांवर आली तरी हा आकडा हलत नाही, टक्केवारी मात्र ३३ वर जाते.

वाचवायचं तर ओव्हरटाइम वाचवा. आठवड्याला ४० तासांवर दीडपट द्यावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा कोणी अचानक न आल्यामुळे होतो. म्हणून पाच पूर्णवेळ लोकांपेक्षा तीन पूर्णवेळ आणि सहा अर्धवेळ असलेले बरे. रिकाम्या दुपारी भाज्या कापणं, सॉस भरणं ही कामं लावा, म्हणजे सकाळी एक माणूस तासभर उशिरा बोलावता येतो.

आयटम_वीस

कागदपत्रांबद्दल थोडं.

सेल्सवाला "दीड लाख सहज" म्हणाला ना? एफटीसीच्या (व्यापारावर लक्ष ठेवणारी केंद्रीय संस्था) नियमानुसार कमाईबद्दलचे दावे आयटम १९ मध्ये असावे लागतात. तिथे नाही ते तोंडी सांगत असेल तर ईमेलवर लिहून मागा. सूर लगेच बदलेल. ब्रोकरमार्फत आला असाल तर त्याचं कमिशन तुमच्या फीमधूनच जातं हेही लक्षात असू द्या.

आयटम १९ मधली सरासरी वाचू नका, मध्यक आणि तळाचा चतुर्थांश वाचा. तळटीपाही वाचा: पूर्ण वर्ष चाललेलीच दुकानं धरली असतील तर वर्षाच्या मध्ये बंद पडलेली आपोआप गळाली. कंपनीची स्वतःची दुकानं मिसळली आहेत का? त्यांना रॉयल्टी नसते. मग आयटम २० उघडा. तीन वर्षांत किती दुकानं बंद झाली, किती हस्तांतरित झाली याचे तक्ते तिथे असतात, सोबत सोडून गेलेल्यांचे संपर्कही. चालू मालकांपेक्षा त्या सोडून गेलेल्यांना आधी फोन करा. आयटम ८ मध्ये पुरवठादारांकडून कंपनीला मिळणारा परतावा दिसेल, तुमच्या ३० टक्के मालाचा भाव तिथे ठरतो. आयटम १२ मध्ये क्षेत्र संरक्षित आहे का आणि ॲपवरच्या क्लाउड किचनला (फक्त डिलिव्हरीचं किचन) ते लागू होतं का, ते पाहा. सही करण्याआधी एफडीडी हातात पडून १४ दिवस झालेच पाहिजेत. तुलनेसाठी, सबवेची रॉयल्टी ८ आणि जाहिरात ४.५ टक्के आहे, म्हणजे तुमची साखळी त्या मानाने स्वस्त. चिपोटलेसारखं दुकान हवं असं पुष्कळ जण म्हणतात, पण ती कंपनी अमेरिकेत फ्रँचायझी देतच नाही.

मेहुण्याचं मात्र गंभीर आहे. एच-१बीवर निव्वळ गुंतवणूक चालते, पण काउंटरवर उभं राहणं, बिनपगारी का असेना, अनधिकृत काम ठरू शकतं. शनिवार-रविवारची मदत म्हणून त्याचा व्हिसा पणाला लावू नका. शिवाय एसबीएने २०२५ मध्ये मालकांच्या नागरिकत्वाचे नियम कडक केले, त्याला भागीदार दाखवलात तर कर्जच अडेल. ई-२ (गुंतवणूकदारांच्या) व्हिसाचा मार्गही नाही, भारताशी तो करार नाही. २० टक्के किंवा जास्त हिस्सा असलेल्या प्रत्येकाला कर्जाची वैयक्तिक हमी द्यावी लागते, म्हणजे तुम्हा दोघांच्या नोकऱ्यांचे पगारही त्या हमीखाली येतात. लीजची हमी वेगळी. ती दहाही वर्षांसाठी देऊ नका, दोन-तीन वर्षं वेळेवर भाडं भरल्यावर संपेल अशी मागा.

प्लेनोकर

मेहुण्याला आजच सांगतो. कोरं दुकान उघडण्यापेक्षा त्याच साखळीचं चालू दुकान विकत घेणं बरं का?

जमाखर्च

तुमच्या बाबतीत हो, कारण विक्रीचा अंदाज बांधावा लागत नाही. अशी दुकानं साधारणपणे मालकाच्या खऱ्या वार्षिक कमाईच्या २ ते ३ पट जातात, म्हणजे ९० हजार काढणारं दुकान १.८ ते २.७ लाखांना. तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स, सेल्स टॅक्स रिटर्न्स आणि रॉयल्टी रिपोर्ट शेजारी ठेवा, तिन्हींत विक्री जुळली पाहिजे. मालक स्वतः उभा राहत असेल तर त्याच्या कमाईतून आधी मॅनेजरचे ६३ हजार वजा करा. लीजची किती वर्षं उरली ते बघा. फ्रँचायझीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर रीमॉडेलचा खर्च तुमच्या माथी येतो, तो किमतीतून उतरवून घ्या. ट्रान्स्फर फी कोण भरणार ते लेखी ठरवा. आणि व्यवहार पूर्ण होण्याआधी कंप्ट्रोलरकडून "नो टॅक्स ड्यू" सर्टिफिकेट मागा. ते नसेल तर टेक्सासात आधीच्या मालकाचा थकलेला सेल्स टॅक्स खरेदी किमतीच्या मर्यादेत तुमच्याकडून वसूल होऊ शकतो.