छोट्या विमानात गाडीसारख्या सोयी हव्यात का?

होटगीरोडकर
आमच्या कट्ट्यावर या विषयावरून वाद पेटलाय. एक गट म्हणतो, विमानात एसी, बटण स्टार्ट, टचस्क्रीन हे श्रीमंतांचे लाड आहेत आणि त्यामुळे पायलट सुस्तावतो. माझं मत उलट आहे. दोन-चार आसनी खासगी विमानात या सोयी यायलाच हव्यात, आणि यायला फार उशीर झालाय.

सेसना 172 हे छोटं विमान पहिल्यांदा उडालं 1955 साली. आजही त्यात हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवायला वेगळा लिव्हर आहे, पायलटनं वर जाताना तो मागे ओढून मिश्रण पातळ करायचं. पेट्रोल किती आहे ते काट्यावर विसंबून ठरवू नका, टाकीत पट्टी बुडवून बघा, असं शिकवतात. साध्यातल्या साध्या गाडीत हे काम ड्रायव्हरला कोणी सांगतं का?

सिरस कंपनीनं 2024 मध्ये एसआर-22 या छोट्या विमानाची सातवी पिढी आणली. त्यात बटणानं इंजिन सुरू होतं आणि डाव्या-उजव्या टाकीतली अदलाबदल विमान स्वतः करतं. 2025 च्या जी-7 प्लसमध्ये तर पायलट बेशुद्ध पडला तर प्रवाशानं एक बटण दाबायचं, विमान स्वतः विमानतळ निवडून उतरतं. मला यातली टाकीची सोय सगळ्यात महत्त्वाची वाटते. पंख खाली असलेल्या बहुतेक छोट्या विमानांत एका वेळी एकाच टाकीतून पेट्रोल येतं आणि पायलटनं आठवणीनं टाकी बदलायची असते. दुसरी टाकी भरलेली असताना इंजिन बंद पडून माणसं मेली आहेत. एकदा नाही, अनेकदा.

सोलापुरात हा विषय आता नुसत्या गप्पांचा राहिलेला नाही. जून 2023 मध्ये विमानांना अडथळा ठरणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली, जून 2025 मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाली. उद्या इथला एखादा उद्योजक स्वतःचं छोटं विमान घेईलही. एप्रिल-मेच्या 43 अंशांत काचेच्या बंद केबिनमध्ये घामानं निथळत बसलेला पायलट चेकलिस्टची ओळ चुकवणार नाही का? एसीला लाड म्हणणाऱ्यांनी एकदा दुपारी दोन वाजता उन्हात उभ्या केलेल्या विमानात बसून दाखवावं.

जुना_प्रशिक्षक
होटगीरोडकर, कळकळ समजली, पण यातलं बरंचसं आधीच करून झालंय आणि त्याची किंमतही मोजून झालीय.

1937 साली फ्रेड वीक या अभियंत्यानं एरकूप नावाचं विमान उडवलं. शेपटीचं सुकाणू वळवायची पायातली पेडल नाहीत, गाडीसारखं फक्त चाक फिरवायचं. गरगरत खाली जाण्याचा धोकाही काढून टाकलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ते चक्क मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये विकायला ठेवलं होतं. कल्पना उत्तम होती. पण बाजूचा वारा असला की ते तिरकं येऊन तसंच तिरकं टेकवावं लागे, आणि नाक उचलून वेग फार कमी केला की दगडासारखं खाली बसायचं. पुढे अनेक मालकांनी पेडल बसवून घेतली.

दुसरं उदाहरण पायपर ॲरोचं, 1967. पायलट चाकं खाली घ्यायला विसरतात म्हणून वेग आणि पॉवर कमी झाली की चाकं आपोआप खाली यायची. ऐकायला छान. पण इंजिन बंद पडल्यावर जिथं तरंगत दूर जायचंय, तिथंही चाकं खाली येतात आणि विमान लवकर जमिनीवर येतं. पुढे कंपनीनंच ती यंत्रणा काढून टाकण्याची सूचना केली.

आता एसीकडे येतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे. 43 अंशांत इथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांहून उंच जागी उभे आहोत असं वाटतं. इंजिनाची ताकद कमी, पंखांची उचल कमी, धावपट्टी जास्त लागते. त्याच वेळी कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खाणार. पायपरच्या जुन्या एसी विमानांत पूर्ण थ्रॉटल दिला की कॉम्प्रेसर आपोआप सुटायचा, तो याचसाठी. आणि टेक-ऑफला बंद ठेवला तरी एसीचं वजन विमान प्रत्येक उड्डाणात वाहतंच.

शेवटचं. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास मंडळानं 2010 मध्ये स्क्रीनवाल्या आणि काट्यांच्या छोट्या विमानांची तुलना केली. स्क्रीनवाल्यांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त. सोयीमुळे माणूस ज्या हवामानात जायला नको तिथं जातो, असं मी त्यावरून समजतो.

यंत्रमाग_पूर्वभाग
सर, तुमच्या अनुभवाला नमस्कार, पण पटलं नाही. आमच्या मागावर ताण्याचा एक धागा तुटला की माग आपोआप थांबतो. ही सोय नव्हती तेव्हा कामगार डोळे फोडून बघायचा आणि तरी चादरीत दोष जायचा. सोय आल्यावर कामगार आळशी झाला नाही, एकाच्या जागी जास्त माग सांभाळायला लागला. माणूस विसरतो हे धरूनच यंत्र बनवायला पाहिजे. टाकी बदलायला विसरला म्हणून मरण, ही कसली शिक्षा मालक?

जुना_प्रशिक्षक
माग थांबला की सगळं सुरक्षित होतं, हे तुमच्या उदाहरणात गृहीत आहे. हवेत थांबणं हा पर्याय नाही. यंत्रणेनं चुकीच्या वेळी निर्णय घेतला तर पायलटला ती ओळखून, बाजूला सारून, पुढचं हातानं करावं लागतं, आणि ते काही सेकंदांत. म्हणून मी विचारतो: सोय बिघडल्यावर काय होतं? टाकीची अदलाबदल बिघडली आणि पायलटला हातानं बदलता आली, तर माझी हरकत नाही. एवढं मान्य करतो.

ऑटो_इलेक्ट्रिशियन_विजापूर_रोड
मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गाडीवाल्याकडून तुम्हाला पाठिंबा अपेक्षित असेल, पण मी जुन्या सरांच्या बाजूनं आहे. कारण वीज.

छोट्या विमानाच्या जुन्या इंजिनात दोन मॅग्नेटो असतात. इंजिन फिरतंय तोवर ते स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतात. बॅटरी मेली, अल्टरनेटर गेला, तरी इंजिन चालूच. चावी फिरवायच्या चार-पाच जागा असतात त्या याचसाठी, उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो वेगळा तपासायचा. गाडीत आपण हे कधीच करत नाही.

मार्च 2007 मध्ये जर्मनीत स्पायर इथं डायमंड डीए-42 या दोन इंजिनांच्या विमानाचं काय झालं बघा. इंजिनं मर्सिडीजच्या गाडीच्या डिझेल इंजिनावर बेतलेली, सगळं कॉम्प्युटरवर, एकच लिव्हर, मिक्श्चर नाही काही नाही. बॅटरी उतरली होती म्हणून दोन्ही इंजिनं बाहेरच्या विजेवर सुरू केली. मॅन्युअल तसं करू देत नव्हतं. उड्डाणानंतर चाकं वर घेतली, चाकांच्या मोटरनं करंट ओढला, व्होल्टेज पडलं, दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले आणि दोन्ही इंजिनं एकदम बंद. माणसं वाचली. माझ्याकडे रोज कोणीतरी जंप स्टार्ट मारून गाडी नेतो आणि पुढे काहीही होत नाही. तीच सवय विमानात घेऊन गेलात की संपलं. विमान गाडीसारखं दिसायला लागलं की लोक ते गाडीसारखंच वापरणार, ही माझी भीती.

होटगीरोडकर
दादा, हे उदाहरण जबरदस्त आहे, पण ते माझ्या बाजूनंही बोलतं. त्यानंतर या इंजिनांच्या कॉम्प्युटरला वेगळी राखीव बॅटरी देण्याचा उपाय झाला आणि कॉम्प्युटरवाली डिझेल विमानं आज जगभर प्रशिक्षणाला वापरतात. दोष सापडला, सुधारला, पुढे गेले. मॅग्नेटोही सुरुवातीला निर्दोष नव्हते. आणि प्रशिक्षक सर, एनटीएसबीच्या त्याच अभ्यासात हेही आहे की स्क्रीनवाली विमानं जास्त करून लांबच्या प्रवासाला आणि ढगाळ हवेत वापरली जात होती. काट्यांची विमानं धावपट्टीभोवती घिरट्या घालत शिकवण्याच्या कामाला. मग सगळा दोष स्क्रीनच्या माथी कसा?

शेंगाचटणी
गाडीसारखंच म्हणताय तर पंपावरचं पेट्रोल टाकता येईल का? विमानाचं पेट्रोल फार महाग असतं म्हणतात.

ऑटो_इलेक्ट्रिशियन_विजापूर_रोड
हलक्या विमानांतली रोटॅक्स इंजिनं गाडीच्या पेट्रोलवर चालतात, पण 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्याच. आपल्या पंपावर आता 20 टक्क्यांचं मिळतं. त्यामुळे नाही.

बारामतीत_शिकतेय
मी सध्या बारामतीत उड्डाण शिकतेय, घर सोलापुरात, जुळे सोलापूर. दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटतं आपण चुकीच्या सोयींवर भांडतोय.

सिरसला पहिल्यापासून अख्ख्या विमानाचं पॅराशूट आहे. हँडल ओढलं की विमान माणसांसकट खाली येतं. ऑक्टोबर 2002 मध्ये टेक्सासात ते पहिल्यांदा खऱ्या संकटात कामी आलं, आणि आजवर अडीचशेहून जास्त लोक त्यामुळे वाचलेत. तरीही सुरुवातीची बरीच वर्षं सिरसचे जीवघेणे अपघात इतरांपेक्षा कमी नव्हते, कारण लोक हँडल ओढतच नव्हते. विमान सांभाळू, सावरू, म्हणत जमिनीपर्यंत जायचे. मग प्रशिक्षण बदललं, ओढायचा निर्णय जमिनीवरच पक्का करायला शिकवलं, आणि आकडे खाली आले. सोय तीच होती. त्यामुळे प्रशिक्षक सर बरोबर आहेत, पण अर्धेच. पॅराशूट नसतं तर कितीही शिकवून ते लोक वाचले नसते.

आता मला हवी असलेली सोय. सेसना 172 एस चार आसनी म्हणवतं. त्याची वाहून न्यायची क्षमता पेट्रोलसकट सुमारे 400 किलो. भरलेल्या टाक्यांचं पेट्रोलच 145 किलोच्या आसपास. उरले 255. चार मोठी माणसं 80 किलोची धरली तर 320 होतात. म्हणजे चार माणसं किंवा पूर्ण टाकी, दोन्ही नाही. सामान धरलंच नाही. गाडीत पाच बसतात, डिकी भरते, टाकी फुल्ल करतो आणि तुळजापूरला जातो. चार आसनं दिसली की माणूस तसाच विचार करतो. हे गणित पायलट कागदावर करतो, माणसांना वजन विचारून, आणि लोक वजन खरं सांगत नाहीत. लग्नाच्या बॅगा कोणी तोलत नाही. गाडीच्या सीटला माणूस बसलाय हे कळतं, बेल्ट नसेल तर ती ओरडते. मग विमानाला आपल्या चाकांवर किती वजन आलंय, ते पुढे आहे की मागे, हे का कळू नये? होटगी रोडच्या विमानतळावर मेच्या दुपारी हे कळणं एसीपेक्षा लाखपट मोलाचं.

डॉ_अशोकचौक
बाळ, मुद्दा पटला. पण अशी प्रत्येक गोष्ट प्रमाणित करून घ्यायचा खर्च विमानाच्या किमतीत येतो, आणि छोटी विमानं मोजकीच विकली जातात. गाडीचा सेन्सर लाखो गाड्यांत वाटला जातो म्हणून स्वस्त पडतो. एसीला गिऱ्हाईक पैसे देतो, वजन मोजायला देत नाही. कंपनी तरी काय करणार?

यंत्रमाग_पूर्वभाग
सीटबेल्टला तरी गिऱ्हाईक कुठं पैसे देत होतं डॉक्टर? कायद्यानं लावला म्हणून आला.

जुना_प्रशिक्षक
ताई, वजनाची सोय आली तर मी तिच्या बाजूनं उभा राहीन, कारण ती पायलटच्या हातातलं काही काढून घेत नाही, त्याला माहिती देते. मिक्श्चरचा लिव्हर मात्र शिकणाऱ्याच्या हातात राहू द्या. सोलापूरच्या उन्हात इंजिन का दमतंय हे त्या लिव्हरनं जितकं कळतं तितकं कुठल्याच स्क्रीननं कळत नाही.

होटगीरोडकर
शिकताना राहू द्या सर, मान्य. पण लायसन्स मिळून स्वतःच्या घरच्यांना घेऊन गोव्याला निघालेल्या माणसाच्या हातून मी तो काढेन, आणि टाकीचा व्हॉल्व्हही. तिथं आपलं जुळणार नाही.