मदत हवी आहे: 'द क्लॉ' मराठीत आणताना

नमस्कार मंडळी. जॅक कोल यांनी १९३९ मध्ये 'सिल्व्हर स्ट्रीक कॉमिक्स' या अमेरिकन चित्रकथा-मालिकेसाठी रंगवलेला 'द क्लॉ' म्हणजे हवं तेव्हा डोंगराएवढा होणारा, सगळं जग टाचेखाली आणायला निघालेला राक्षस. त्याच्यावर मी मराठी चित्रकथा करतोय. अमेरिकेत तेव्हा २८ वर्षांनी कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. ते न झाल्याने तो तिथे कुणालाही वापरायला मुक्त आहे. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि कोल १९५८ मध्ये गेले. इथवर ठीक.

त्या कथांत क्लॉचा शत्रू म्हणजे डेअरडेव्हिल नावाचा नायक, पण १९६४ पासून मार्व्हलचा वेगळाच नायक त्या नावाने ओळखला जातो. नाव मुखपृष्ठावर न घेता फक्त आतल्या पानांत ठेवलं तर चालेल का? ट्रेडमार्कचं काम करणारं इथे कुणी आहे का?

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. पिवळी कातडी, सुळे, लांब नखं... आशियाई माणसांबद्दलचा त्या काळचा द्वेष या चित्रांत ठासून भरलाय. तो तसाच छापणं मला मान्य नाही. पण अवाढव्य देह आणि ती दहशत तर हवीच. मग चेहरा नव्याने कसा घडवावा? चित्रकारांनी कृपया सुचवा, कच्ची रेखाटनं लगेच पाठवतो.