पडणाऱ्या दातांवर खर्च कशासाठी?

प्रश्न
आमची मुलगी अडीच वर्षांची आहे. दंतवैद्यांनी दर सहा महिन्यांनी फ्लोराइड वार्निश (कीड लागू नये म्हणून दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावून घेण्यास सुचवले आहे. कीड कुठेही दिसत नाही आणि हे दात सहाव्या वर्षापासून पडणारच आहेत. मग त्यांच्यावर खर्च करण्यात काय हशील, असे घरातील वडीलधारे विचारतात. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १
हा हिशेब पुढच्या दातांपुरता ठीक आहे. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असतात, आणि त्या किडून अकाली काढाव्या लागल्या तर मागची दाढ पुढे सरकून कायमच्या दाताची जागा अडवते. आमचा मुलगा दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोपत असे. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांवर साचलेले दूध धुतले जात नाही, हे आम्हाला फार उशिरा कळले. तीन वर्षांचे मूल खुर्चीत स्थिर बसेना, म्हणून अखेर पूर्ण भूल देऊन चार दातांवर उपचार करावे लागले. त्या एका दिवसाच्या खर्चात कित्येक वर्षांचे वार्निश झाले असते.

प्रतिसाद २
फायदा आहे, पण तो सर्वांना सारखा नाही. २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा अभ्यास) वार्निशमुळे दुधाच्या दातांची कीड सरासरी ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. परंतु ज्या मुलाला कीड लागण्याचा धोकाच थोडा आहे, त्याच्या बाबतीत ही थोड्यातली थोडी घट ठरते. म्हणून आधी उजेडात वरचा ओठ उचलून हिरडीलगत पाहावे. तिथे खडूसारखी निस्तेज पांढरी रेघ असेल तर ती किडीची सुरुवात समजावी. खड्डा पडण्यापूर्वी ती फ्लोराइडने थोपवता येते.

प्रतिसाद ३
वार्निश लावले तरी रोजचे ब्रश करणे चुकत नाही, आणि सर्वांत स्वस्त उपाय तोच आहे. दहा लाखांत किमान हजार भाग फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी घ्यावी. सतत जास्त पेस्ट गिळली गेल्यास कायमच्या दातांवर पांढुरके डाग येऊ शकतात, त्यामुळे ट्यूब मुलांच्या हाती देऊ नये. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून मुलांकडून रोज ब्रश करून घेण्याचा उपक्रम चालतो. त्यावरील खर्चापेक्षा उपचारांवरील बचत अधिक निघाली.

प्रश्नकर्ती
आज ओठ उचलून पाहिले. वरच्या दोन दातांवर तशी रेघ आहे. त्या रेघेला आम्ही दूध प्यायल्याचे डाग समजत होतो. या आठवड्यातच वार्निश लावून घेत आहोत.