‘बॅबिलॉन ५’ दुसऱ्या पर्वात एकदम मोठी का वाटू लागते?

रातपाळी

नमस्कार. गेले दोन महिने माझी धाकटी बहीण आणि मी मिळून ‘बॅबिलॉन ५’ ही जुनी विज्ञानकथा मालिका पाहत आहोत. पहिल्या पर्वाचे बावीस भाग आम्ही थोडे नेटानेच संपवले, हे आधी कबूल करते. पाच मैल लांबीचे अवकाशस्थानक, त्यावर राहणारी अडीच लाख माणसे आणि परग्रहवासी, वेगवेगळ्या सत्तांचे राजदूत आणि त्यांच्यातली सततची धुसफूस ही मांडणी आवडली होती. परंतु अनेक भाग एका रात्रीच्या पाहुण्यासारखे येऊन गेले. कोणीतरी संशयास्पद इसम स्थानकावर उतरतो, गोंधळ घालतो, पाऊण तासात त्याचा निकाल लागतो आणि पुढच्या भागात त्याचे नावही कोणी काढत नाही. संवादही पुष्कळ ठिकाणी भाषणाच्या वळणावर जातात. संगणकावर काढलेली अवकाशयाने आज जरा खेळण्यासारखी दिसतात, पण त्याबद्दल आमची तक्रार नाही.

दुसऱ्या पर्वाच्या आरंभी स्थानकाचा प्रमुख कमांडर सिंक्लेअर जाऊन त्याच्या जागी कॅप्टन शेरिडन आला, तेव्हा बहीण म्हणाली की आता यात काही राम राहिला नाही. पुढचे सात-आठ भाग बरेवाईट गेले. त्यातला हिरव्या आणि जांभळ्या पट्ट्यांसाठी एकमेकांची डोकी फोडणाऱ्या ड्राझी या परग्रहवासीयांचा भाग मात्र आम्हांला फार आवडला, कारण कोणाच्या वाट्याला कोणता पट्टा येणार हे निव्वळ चिठ्ठी उचलल्यासारखे ठरते आणि तरीही निष्ठा अगदी कडवी असते. मग परवा नववा भाग, ‘द कमिंग ऑफ शॅडोज’, पाहिला आणि तो संपल्यावर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही. तेच नट, तेच नेपथ्य, लेखकही तोच. असे असताना नेमके काय बदलले? हे सगळे लेखकाने आधीच योजून ठेवले होते, की चुकत-माकत त्याचा हात बसला? दुसऱ्या पर्वाच्या अखेरपर्यंतचे कथानक कळले तरी हरकत नाही, त्यापुढचे मात्र कृपया कोणी उघड करू नये.

गणकयंत्र

आपण विचारलेल्या भागाला १९९६ साली विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा गप्प बसलेल्या तुम्ही दोघीच नाहीत. योजनेबद्दल आधी सांगतो. जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनी ही मालिका पाच पर्वांची एकच गोष्ट म्हणून योजली होती आणि एकूण ११० भागांपैकी ९२ भाग त्यांनी स्वतः लिहिले. त्यामुळे पहिल्या पर्वात जी नुसती चिल्लर वाटते, तिच्यातली बरीच पुढे खर्चासाठी बाजूला काढून ठेवलेली असते. मात्र योजना असली म्हणून मालिका चांगली होतेच असे नाही. योजना तर कंटाळवाण्या मालिकांनाही असते.

त्या नवव्या भागातला मद्यालयातला प्रसंग पुन्हा एकदा सावकाश पाहावा. सेंटॉरी या परग्रहवासीयांचा म्हातारा, आजारी सम्राट स्थानकावर आलेला आहे. ज्या नार्न लोकांना त्याच्या साम्राज्याने पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत ठेवले, त्यांच्या राजदूतासमोर, जकारसमोर, उभे राहून त्याला क्षमा मागायची आहे. जकारला याची गंधवार्ता नाही आणि तो सम्राटाला भोसकायच्या तयारीनेच समारंभाला निघालेला आहे. पण सम्राट वाटेतच कोसळतो. माफीही राहते आणि खूनही राहतो. नंतर स्थानकावरचे डॉ. फ्रँकलिन सम्राटाचे शब्द जकारपर्यंत पोचवतात आणि आयुष्यभर द्वेषावर जगलेला हा माणूस हरखून जातो. तो सेंटॉरींचा राजदूत लोंडो मोलारी याला शोधत येतो, त्याला स्वतःच्या पैशाने पेला पाजतो आणि त्याच्या सम्राटाच्या प्रकृतीसाठी शुभ चिंतितो. लोंडोने मात्र तोवर, आपला सहायक व्हीर याने काकुळतीला येऊन केलेली विनवणी बाजूला सारून, आपल्या अदृश्य मित्रांना नार्न वसाहतीवर सोडलेले आहे. जकार हसतमुखाने पेला उंचावतो तेव्हा कॅमेरा लोंडोच्या चेहऱ्यावर थांबतो. लोंडोची भूमिका करणारे पीटर जुरासिक यांनी तिथे जवळजवळ काहीच केलेले नाही, आणि त्यांना ते करायची गरजही पडलेली नाही.

आता पहिल्या पर्वाचा पहिला भाग आठवा. तिथे नार्नांनी रागेश ३ या सेंटॉरी वसाहतीवर हल्ला केला होता, लोंडोचा पुतण्या तिथे अडकला होता, संतापलेला लोंडो जकारला मारायला निघाला होता आणि स्थानकाचा सुरक्षाप्रमुख गॅरिबाल्डी याने त्याला अडवले होते. नवव्या भागात वसाहत नार्नांची आहे, संतापाने वेडापिसा होऊन धावणारा जकार आहे आणि अडवणारा शेरिडन आहे. लेखकाने तेच कृत्य, तोच राग आणि तोच अडथळा घेऊन फक्त माणसांच्या जागा बदलल्या. पहिल्या पर्वात आपण लोंडोला विनोदी समजत होतो: जुगारी, कर्जबाजारी, गतवैभवाच्या गप्पा मारणारा. जकार आपल्या हिशेबी जवळजवळ खलनायक होता. नवव्या भागापाशी हा हिशेब आपला आपल्यालाच खोडावा लागतो, आणि तुम्ही दोघी गप्प झालात त्याचे कारण मला वाटते हेच असावे.

शिवाय जे घडले ते मागे पडत नाही. पहिल्या पर्वाच्या तेराव्या भागात मॉर्डन नावाचा, त्याच अदृश्य मित्रांच्या वतीने आलेला, एक गोड हसणारा गृहस्थ राजदूतांना ‘तुम्हांला काय हवे आहे?’ असे विचारत फिरतो, तेव्हा लोंडो चिडून साम्राज्याचे जुने वैभव परत हवे असे सांगून टाकतो. वैतागात दिलेल्या त्या उत्तराची किंमत दुसऱ्या पर्वाच्या विसाव्या भागात वसूल होते. नार्नांच्या मूळ ग्रहावर अवकाशातून पाषाणांचा मारा चालू असतो आणि लोंडो युद्धनौकेच्या खिडकीशी उभा राहून ते पाहत असतो. काचेवर त्याचे प्रतिबिंब दिसते. युद्धाचे दृश्य म्हणाल तर तेवढेच पुरेसे आहे.

ध्रुवतारा

गणकयंत्र यांचे विवेचन मनापासून आवडले, परंतु त्यातून निघू शकणाऱ्या एका समजुतीला माझा विरोध आहे. सलग कथानक म्हणजे प्रौढपणा आणि स्वतंत्र भाग म्हणजे पोरकटपणा, असे समीकरण हल्ली फार सहज मांडले जाते. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चे १९८८-८९ चे दुसरे पर्व पाहावे. त्या वर्षी अमेरिकेतल्या लेखकांच्या संपामुळे भागांची संख्या सव्वीसवरून बावीसवर आली. पहिल्याच भागासाठी सत्तरच्या दशकात बारगळलेल्या एका मालिकेची पटकथा झाडून-पुसून वापरावी लागली, आणि शेवटचा भाग तर खर्च वाचवण्यासाठी जुन्या दृश्यांची गोधडी शिवून काढला होता. एवढी ओढाताण असूनही त्याच पर्वात ‘द मेझर ऑफ अ मॅन’ हा भाग आहे.

त्यात डेटा या यंत्रमानवाला उघडून त्याच्यासारखे आणखी बनवण्याचा एका शास्त्रज्ञाचा बेत असतो. डेटा राजीनामा देतो, तर प्रश्न येतो की जी वस्तू अवकाश-ताफ्याच्या मालकीची आहे तिला राजीनामा देता येतो काय. सुनावणीत डेटाच्या विरुद्ध बाजू मांडण्याचे काम त्याचा मित्र रायकर याच्यावर येऊन पडते. तो डेटाचा हात काढून टेबलावर ठेवतो आणि मग पाठीमागचे बटण दाबून त्याला बंद करतो. डेटा पुढे कोसळतो. रायकर जागेवर परत जाऊन बसतो तेव्हा आपण किती चांगली वकिली केली याचीच त्याला शरम वाटत असते. पहिल्या पर्वातला रायकर हे करूच शकला नसता, कारण त्याच्याकडे अजून गमावण्यासारखे काही नव्हते.

पुढच्या भागात यान नेहमीप्रमाणे दुसरीकडे निघून जाते आणि सुनावणीचे पडसाद फारसे उमटत नाहीत, हे मान्य. तरीही त्या पाऊण तासात मालिका मोठी झाली. तेव्हा माझ्या मते दोन्ही मालिकांत सारखे काही असेल तर ते हे, की पहिल्या पर्वात लेखक पात्रांची ओळख करून देण्यात गुंतलेला असतो आणि दुसऱ्या पर्वात त्या ओळखीच्या जोरावर त्यांना अडचणीत टाकू शकतो. (रायकरची दाढी दुसऱ्या पर्वात आली म्हणून मालिका सुधारली, हा रसिकांचा जुना विनोद इथे कोणीतरी काढणारच, म्हणून मीच काढून ठेवतो.)

चोरवाट

योजनेविषयी थोडे. सिंक्लेअरचे जाणे योजनेत नव्हते. प्रत्येक मुख्य पात्रासाठी एक चोरदरवाजा ठेवलेला आहे, नट सोडून गेला तर गोष्ट अडू नये, असे स्ट्रॅझिन्स्की सांगत असत. तो दरवाजा इथे वापरावा लागला. त्या वेळी दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेली फारकत एवढेच जाहीर झाले होते. सिंक्लेअरची भूमिका करणारे मायकेल ओ’हेअर २०१२ साली वारले आणि पुढल्या वर्षी स्ट्रॅझिन्स्की यांनी सांगितले की पहिल्या पर्वाचे चित्रीकरण चालू असताना ओ’हेअर गंभीर मानसिक आजाराशी झगडत होते आणि ही गोष्ट त्यांच्या हयातीत गुप्त ठेवण्याचा शब्द आपण दिला होता. हे कळल्यापासून मला पहिले पर्व पूर्वीसारखे पाहता येत नाही. सिंक्लेअरचा जो ताठरपणा मी अभिनयातली उणीव समजत होतो, त्याबद्दल बोलायला आता जीभ रेटत नाही.

आपण पाहिलेल्या नवव्या भागात ते अल्पकाळ परत दिसतात. गॅरिबाल्डीला मिळालेला तो ध्वनिचित्र-संदेश आठवतो ना?

कथेच्या दृष्टीने मात्र या अपघाताने फायदाच झाला, असे मला वाटते. सिंक्लेअरला कमांडर म्हणून मिनबारी या परग्रहवासीयांनीच पसंत केले होते, तर शेरिडनने त्यांच्याविरुद्धच्या युद्धात लघुग्रहांमध्ये सुरुंग पेरून त्यांची मानाची युद्धनौका उडवलेली आहे, त्यामुळे त्याचे नाव काढले तरी मिनबारींच्या कपाळाला आठ्या पडतात. असा माणूस त्याच खुर्चीत बसला की मिनबारींची राजदूत डिलेन हिचा साधा नमस्कारसुद्धा अवघड होतो. सगळेच बदल असे लाभले नाहीत. धडाकेबाज वैमानिक हवा या वरिष्ठांच्या आग्रहाखातर आणलेला केफर कोणालाच धड पेलला नाही, आणि दुसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात लेखकाने त्याचा काटा काढला.

रातपाळी

सर्वांचे आभार. काल रात्री आम्ही पुढे न जाता मुद्दाम पहिल्या पर्वाचा पहिला भाग पुन्हा लावला. रागेश ३ चा हल्ला ऐकून लोंडो जिथे आपल्या स्वप्नाबद्दल बोलतो, म्हणजे वीस वर्षांनंतर जकार आणि तो एकमेकांचे गळे धरून मरणार आहेत हे सांगतो, ते वाक्य पहिल्या खेपेला आम्ही दारूच्या गप्पा म्हणून सोडून दिले होते. नवव्या भागात तेच स्वप्न प्रत्यक्ष दाखवले आहे, हे बहिणीच्या लक्षात आले, माझ्या नाही. ती आता शेरिडनला ‘बरा आहे’ म्हणू लागली आहे.

ध्रुवतारा यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. स्वतंत्र भागही उंच जाऊ शकतो, पण दुसऱ्या दिवशी रायकर आणि डेटा पत्ते खेळायला बसणार हे ठाऊक असले की मला थोडे फसवल्यासारखे वाटते.

गणकयंत्र

मग दुसऱ्या पर्वाचा अठरावा भाग तुमचा आणि ध्रुवतारा यांचा निवाडा करेल. मार्कॅब लोकांमध्ये एक साथ पसरते. ती फक्त पाप्यांनाच होते असा त्यांचा समज असल्यामुळे आजारी माणसे आजार लपवतात आणि त्यांचे वैद्यही वेळेवर तोंड उघडत नाहीत. स्थानकावरचे सगळे मार्कॅब एका बंदिस्त विभागात जाऊन राहतात, आणि डिलेन व तिचा सहायक लेनियर शुश्रूषेसाठी आपण होऊन त्यांच्याबरोबर आत जातात. आईपासून चुकलेल्या एका छोट्या मुलीला डिलेन गोष्ट सांगून धीर देते. इकडे फ्रँकलिन औषधाच्या शोधात रात्रंदिवस खपतो, आणि औषध सापडतेही.

हा भाग तसा स्वतंत्र आहे, एका साथीचा, एका आठवड्याचा. फक्त त्यानंतर मालिकेत मार्कॅब नाहीत. जेवताना पाहू नका.

रातपाळी

आज सतरावा भाग पाहणार होतो. अठरावा रविवारी दुपारी ठेवला आहे.